खा आणि निघून जा: सायप्रसच्या एका उक्तीचे लोकमूळ कसे शोधावे

सायप्रसच्या ग्रीकभाषक खेड्यांत ५ जानेवारीला, म्हणजे एपिफनी या येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या आदल्या दिवशी, तेलात तळलेले पिठाचे गोळे आणि सॉसेजचे तुकडे घराच्या छतावर फेकण्याची जुनी रीत आहे. फेकताना चार ओळी म्हटल्या जातात. देवनागरीत त्या साधारण अशा लिहिता येतील:

तित्सिन, तित्सिन लुकानिकोन,
माशेरिन माव्रोमानिकोन,
कोमातिन क्सेरोतिआनोन,
ना फाते चे ना फिएते.

मराठीत अर्थ असा होतो: मांसाचा घास, सॉसेजचा घास, काळ्या मुठीची सुरी, तळलेल्या गोळ्याचा तुकडा, खा आणि निघून जा. ज्यांना निघून जायला सांगितले जाते ते ‘कालिकांजरी’ नावाचे काळे, केसाळ, खोडकर भूतगण होत. नाताळाच्या दिवशी ते जमिनीखालून वर येतात, बारा दिवस माणसांना छळतात आणि एपिफनीला पाण्याला आशीर्वाद दिला गेला की परत खाली जातात, अशी समजूत आहे. मुले या ओळी गाण्यासारख्या म्हणतात आणि थोरांना त्या आजीच्या आठवणीसह पाठ असतात. अशा उक्तीचे मूळ शोधायचे तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे सावध राहावे, हे या एकाच उदाहरणावरून येथे सांगतो. नियमांची यादी देण्यापेक्षा एक उक्ती शेवटपर्यंत तपासून दाखवणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे उक्तीमागची कथा शोधण्याची घाई करू नये. कोणत्याही म्हणीचे मूळ विचारले की लोक एखादी गोष्ट सांगतात: कोणे एके काळी अमुक राजा होता, अमुक म्हातारी होती आणि ती असे म्हणाली. अशा कथा बहुधा उक्तीनंतर, ती समजावून सांगण्यासाठी, रचल्या गेलेल्या असतात. ज्या उक्तीबरोबर हाताने काही करावे लागते, तिच्या बाबतीत कथेपेक्षा कृती जुनी आणि विश्वासार्ह असण्याचा संभव मोठा. म्हणून पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय?’ हा नसावा. ‘हे म्हणताना हातात काय असते, तोंड कोणत्या दिशेला असते, दिवस कोणता असतो आणि म्हणून झाल्यावर काय करतात?’ असे विचारावे. सायप्रसच्या या ओळींच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले, असे मी मानतो.

ही उत्तरे माणसांकडूनच घ्यावीत. सायप्रसमध्ये आजीला ‘स्तेते’ म्हणतात, आणि अशा ओळींचा खरा साठा या स्तेतेंकडेच आहे. त्यांच्याशी बोलताना आपल्याला ठाऊक असलेला पाठ आधी म्हणून दाखवू नये. तसे केले की समोरची व्यक्ती सौजन्याने आपलाच पाठ परत म्हणते आणि तिच्या घरातला वेगळा शब्द कायमचा हातचा जातो. त्यांना आधी त्या संध्याकाळचे वर्णन करू द्यावे, ओळी आपोआप येतात. गावाचे नाव विचारताना विशेष काळजी घ्यावी. १९७४ मध्ये बेट दुभंगले आणि उत्तरेकडील ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे, तर दक्षिणेकडील तुर्की सायप्रसवासी उत्तरेकडे विस्थापित झाले. त्यामुळे आज लिमासोल किंवा लार्नाका येथे राहणाऱ्या वृद्धेचा पाठ त्या शहराचा आहे असे लिहिणे चूक ठरू शकते. ‘तुम्ही या ओळी कोणत्या गावात, कोणाकडून ऐकल्या?’ असा प्रश्न विचारावा आणि जन्मगाव, आईचे गाव व आजचे राहण्याचे ठिकाण अशा तीन नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. हरवलेल्या गावाची आठवण सांगताना माणूस थांबतो, गप्प होतो. तेथे पुढचा प्रश्न रेटू नये.

पाठ हाती आला की तो शब्दशः, बोलीच्या उच्चारांसह लिहून काढावा. येथे पुष्कळ नवशिके अभ्यासक मोठी हानी करून बसतात, कारण ते बोलीचा पाठ प्रमाण ग्रीकमध्ये ‘सुधारून’ घेतात. प्रमाण ग्रीकमध्ये ‘आणि’ला ‘के’ म्हणतात, सायप्रसच्या बोलीत ‘चे’. (मराठी वाचकाने त्याला षष्ठीचा प्रत्यय समजू नये.) प्रमाण भाषेत सुरीला ‘माहेरी’ म्हणतात, येथे ‘माशेरिन’, प्रमाण ‘लुकानिको’चे येथे ‘लुकानिकोन’ होते, कारण शब्दाच्या शेवटचा न प्रमाण भाषेने टाकला तरी सायप्रसने जपला. तव्याला किंवा कढईला प्रमाण भाषेत ‘तिगानी’ हा शब्द आहे. बोलीत दोन स्वरांमधला ग गळतो आणि ‘तिआनी’ उरते. ‘क्सेरोतिआनोन’ हा शब्द त्यातूनच आला आहे: ‘क्सेरो’ म्हणजे कोरडे आणि पुढचा भाग तळण्याचा. ‘निघून जा’ यासाठीच्या ‘फिएते’ या रूपातही तोच ग गळलेला आहे. ही सर्व चिन्हे एकच गोष्ट सांगतात: या ओळी आज ज्या रूपात आहेत ते रूप बेटावरच्या तोंडांत घडले आहे. मुख्य भूमीवरील ग्रीसमधून अलीकडे शाळेच्या पुस्तकामार्फत आलेल्या गाण्याला असा उच्चार मिळाला नसता.

यानंतर छंद मोजावा. चारही ओळींत आठ-आठ अक्षरे आहेत आणि प्रत्येक ओळीत जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो: लुकानिकोन, माव्रोमानिकोन, क्सेरोतिआनोन, फिएते. ग्रीक लोकगीतांचा जो पंधरा अक्षरांचा प्रसिद्ध छंद आहे, त्याच्या ओळीचा पहिला भाग आठ अक्षरांचाच असतो, त्यामुळे ही चाल ग्रीक कानाला ओळखीची वाटते. छंद मोजण्याचा खरा लाभ मात्र वेगळा आहे. कोणता शब्द अर्थासाठी आला आणि कोणता यमकासाठी, याचा त्यातून अंदाज येतो. ‘लुकानिकोन’ला ‘माव्रोमानिकोन’ इतके चपखल यमक मिळते की, काळ्या मुठीची सुरी केवळ यमकाने ओढून आणली असावी, ही शंका घ्यावीच लागते.

या सुरीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण उक्तीतील सर्वांत अवघड वस्तू तीच आहे. वरवर पाहता ती सॉसेज कापण्याची सुरी. पण कापण्यासाठी मूठ काळी असण्याची गरज काय? ग्रीक लोकसमजुतीत काळ्या मुठीच्या सुरीला स्वतंत्र स्थान आहे. भुताखेतांपासून रक्षण करण्यासाठी ती जवळ ठेवतात, तिने जमिनीवर वर्तुळ आखतात, आणि सोलोमन राजाच्या नावावर खपणाऱ्या जुन्या ग्रीक मंत्रतंत्राच्या हस्तलिखितांतही काळ्या मुठीच्या सुरीचा उल्लेख येतो. म्हणजे यमकाची शंका खरी असली तरी दुसऱ्या बाजूने, उक्तीच्या बाहेरून, सुरीच्या अर्थाला आधार मिळतो. मूळ शोधताना पाळायची कसोटी हीच आहे: उक्तीतल्या एखाद्या शब्दावरून अनुमान काढायचे असेल तर त्या शब्दाला उक्तीबाहेरचा, स्वतंत्र पुरावा हवा. माझे मत असे की, यमकाने ही सुरी सुचवली असेल, पण ती टिकली ती धाकासाठी. पहिल्या ओळीत आमिष, दुसरीत शस्त्र, तिसरीत पुन्हा आमिष आणि चौथीत आज्ञा, अशी ही रचना आहे. लाच आणि धमकी एकाच दमात दिली जाते.

आता प्रत्येक शब्दाचे वय पाहावे. ‘लुकानिको’ हा शब्द लॅटिन ‘लुकानिका’वरून आला आहे, दक्षिण इटलीतील लुकानिया प्रांतातील लोकांकडून रोमन सैनिक हे सॉसेज करायला शिकले, असे इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन पंडित व्हॅरो सांगतो. त्यामुळे ही ओळ आजच्या शब्दांत रोमन काळापूर्वीची असू शकत नाही. मात्र येथे दोन्ही बाजूंनी जपावे लागते. उक्तीतला सर्वांत नवा शब्द तिच्या आजच्या रूपाच्या वयाची एक मर्यादा ठरवतो; तिच्यातला सर्वांत जुना शब्द काहीच सिद्ध करत नाही, कारण जुना शब्द नव्या गाण्यात केव्हाही येऊ शकतो. शिवाय कृती जुनी राहून शब्द बदलले असण्याचीही शक्यता असते. ‘तित्सिन’बाबत तर वय विचारण्यातच अर्थ नाही. तो लहान मुलांशी बोलताना मांसाच्या घासाला वापरायचा शब्द आहे, आपल्याकडच्या ‘मम्मं’च्या जातीचा. पण त्यातून वेगळी आणि मोलाची माहिती मिळते: भुतांशी येथे लहान मुलांच्या भाषेत बोलले जाते. ज्यांची भीती वाटते त्यांनाच चुचकारून घास भरवला जातो.

हीच पायरी पदार्थांपर्यंत नेली तर आणखी एक गोष्ट उलगडते, आणि मला ती संपूर्ण शोधातील सर्वांत सुंदर वाटते. सायप्रसच्या ख्रिस्ती खेड्यांत नाताळापूर्वी घरचे डुक्कर मारण्याची प्रथा होती. त्याच्या मांसाचे सॉसेज तांबड्या वाइनमध्ये मुरवून, धुरावर वाळवून वर्षभरासाठी ठेवले जाई. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला घराघरात सॉसेज भरपूर. परंतु ५ जानेवारी हा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासाचा दिवस असतो आणि त्या दिवशी मांस वर्ज्य. क्सेरोतिआना मात्र पीठ, पाणी, यीस्ट, तेल आणि साखरेचा किंवा मधाचा पाक एवढ्यावरच होतात. दूध, अंडे काहीच नाही, म्हणून ते उपासाला चालतात. त्या संध्याकाळी माणसे गोड गोळे खातात आणि सॉसेज भुतांना देतात. जे आज आपल्याला चालत नाही ते, ज्यांचा बाप्तिस्मा नाही आणि ज्यांना उपास नाही त्यांना द्यायचे, अशी ही वाटणी मला दिसते. पंचांग आणि स्वयंपाकघर एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय ती दिसली नसती. म्हणून माझा आग्रह आहे की खाण्याच्या वस्तू असलेल्या उक्तीचा अभ्यास करणाऱ्याने तो पदार्थ एकदा स्वतः करून पाहावा. मैद्यात कोमट पाणी, चिमूटभर मीठ आणि यीस्ट घालून पातळसर, चिकट पीठ भिजवावे, बुडबुडे येईपर्यंत उबेला झाकून ठेवावे, ओल्या चमच्याने छोटे गोळे गरम तेलात सोडून तांबूस तळावेत आणि लगेच गार पाकात बुडवावेत. पाकात बुडवलेला गोळा हातात घेतला की तो दूर फेकणे किती चिकट काम आहे हे कळते, आणि ‘कोरडे तळलेले’ या नावाकडे, तसेच पाकात बुडवण्याआधीचा गोळा फेकत असतील का या प्रश्नाकडे, लक्ष जाते. घरोघरी हा प्रश्न विचारावा. या पदार्थाला ‘लुकुमादेस’ असेही म्हणतात. ते नाव तुर्की ‘लोक्मा’मार्फत अरबी ‘लुक्मा’ म्हणजे घास या शब्दावरून आले. उर्दूतला ‘लुकमा’ आणि हैदराबादची लुखमी याच शब्दाच्या घराण्यातली आहेत.

दिवसाची तपासणी वेगळी करावी. सायप्रसमध्ये ५ जानेवारीला ‘कालांदा’ म्हणतात आणि हे नाव रोमन ‘कालेंडे’ म्हणजे महिन्याचा पहिला दिवस यावरून आले आहे. जानेवारीचा हा रोमन उत्सव, त्यातील सोंगे आणि मुखवटे चर्चला खटकत होते. ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्यावर बंदी घातली. सण गेला, नाव उरले आणि ते एपिफनीच्या आदल्या दिवसाला चिकटले. त्या दिवशी धर्मगुरू घरोघरी जाऊन पवित्र पाणी शिंपडतो. जुन्या नोंदी वाचताना एक तांत्रिक काळजी घ्यावी: सायप्रसच्या चर्चने सुधारित पंचांग १९२४ मध्ये स्वीकारले. त्यापूर्वीच्या काळातील एखाद्या प्रवाशाने हा विधी १७ किंवा १८ जानेवारीच्या सुमारास पाहिल्याचे लिहिले असेल, तर ती चूक किंवा वेगळी प्रथा नव्हे. जुन्या पंचांगाप्रमाणे तोच दिवस होय.

छापील साधनांकडे यानंतर वळावे, आधी नव्हे. सायप्रसच्या बोलीतील १५व्या शतकातील मोठा गद्यग्रंथ म्हणजे लेओंतिओस माखेरास याची बखर; शब्दांची रूपे ताडून पाहायला ती उपयोगी पडते. १९व्या शतकात अथानासिओस साकेलारिओस याने बेटावरची गाणी, म्हणी आणि शब्द गोळा करून छापले. निकोसिया येथे १९३६ मध्ये स्थापन झालेली सायप्रस अध्ययन संस्था लोकजीवनाविषयीचे लेखन प्रसिद्ध करत आली आहे. पुस्तकातील पाठ प्रमाण आणि आजीचा पाठ अपभ्रष्ट, अशी उतरंड मनात ठेवू नये. संग्राहकानेही कोणा एका घरी, कोणा एका संध्याकाळी ऐकलेलेच लिहिले होते.

शेवटी तुलना येते, आणि येथे सर्वांत जास्त संयम लागतो, कारण साम्ये मोहक असतात. ग्रीसमध्ये कालिकांजरींच्या तोंडी एक यमक आहे: पळा, पळूया, तो पोटसुट्या पाद्री पाणी शिंपडायचा कुंचा घेऊन आला. तेथे भुते बोलतात आणि पाद्र्याला भिऊन पळतात. सायप्रसच्या ओळींत माणूस बोलतो आणि खाऊ घालून पाठवणी करतो. समजूत एक, पण उक्तीचे वळण निराळे. हा फरक नोंदवण्यासारखा आहे, कारण जवळच्या दोन परंपरांतला फरकच प्रत्येकीचे वैशिष्ट्य दाखवतो. कालिकांजरींची समजूत केवढी जुनी, याला कागदी आधार हवा असेल तर खिओस बेटावर जन्मलेल्या लिओ अलातिअसने १६४५ मध्ये त्यांचे केलेले वर्णन पाहावे.

त्याहून मागे गेले की प्राचीन अथेन्सची एक उक्ती समोर येते. आन्थेस्तेरिया नावाच्या वसंतारंभीच्या सणात मृतात्मे शहरात फिरतात अशी समजूत होती. लोक दारांना डांबर फासत, काटेरी झाडाची पाने चघळत, धान्ये एकत्र शिजवून भूमिगत हर्मिस देवाला अर्पण करत. सण संपताना म्हणत: ‘दाराबाहेर व्हा, केरेस, आन्थेस्तेरिया संपला.’ केरेस म्हणजे प्रेतात्मे. पण या उक्तीचा दुसरा पाठही प्राचीनांनीच दिला आहे, त्यात ‘केरेस’ऐवजी ‘कारेस’ आहे. त्यांचे स्पष्टीकरण असे की, कारिया प्रांतातील गुलामांना सणापुरती मोकळीक मिळे आणि सण संपताच त्यांना कामाला जा म्हणून सांगितले जाई. उक्तीचे मूळ प्राचीनांनाही दोन तऱ्हांनी सांगावे लागत होते, हे ध्यानात ठेवावे. रोममध्येही मे महिन्यातील लेमुरिया सणात घरधनी मध्यरात्री अनवाणी उठून काळ्या शेंगांचे दाणे मागे टाकत जाई आणि शेवटी नऊ वेळा म्हणे: पितरांनो, बाहेर पडा. कवी ओव्हिडने याचे तपशीलवार वर्णन केले आहे.

हे वाचताना आपल्या मनात लगेच ‘उतारा’ हा शब्द उभा राहतो, आणि पदार्थ ओवाळून तिठ्यावर ठेवणारी आजीही. शब्द अर्थ समजायला मदत करतो, म्हणून तो वापरावा. पण तेवढ्यावरून वंशावळ मांडू नये. खायला घालून अनिष्टाला निरोप देणे ही कल्पना अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचण्याइतकी साधी आहे. अथेन्सचा सण फेब्रुवारीच्या सुमाराचा होता, सायप्रसचा जानेवारीतला. अथेन्समध्ये मृतात्मे होते, येथे जमिनीखालचे भूतगण आहेत. आणि दोहोंमध्ये दीड हजारांहून अधिक वर्षे आहेत. वारसा सिद्ध करायचा तर मधल्या शतकांतील दुवे दाखवावे लागतात. ते हाती नसताना ‘साम्य आहे’ एवढेच लिहावे, आणि एवढे लिहिणेही कमी मोलाचे नाही.

लिहून काढताना नोंदीचा क्रम असा ठेवावा: आधी पाठ बोलीत, मग शब्दशः अर्थ, मग कृती, दिवस आणि पदार्थ, मग सांगणाऱ्याचे गाव व त्याने कोणाकडून ऐकले ते, आणि आपली अनुमाने सर्वांत शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. पाठभेद गाळू नयेत, कारण शेवटच्या ओळीचाच एक महत्त्वाचा भेद आढळतो. काही घरी ‘ना फाते चे ना फिएते’, म्हणजे ‘तुम्ही खा आणि जा’, असे म्हणतात. काही घरी ‘ना फासिन चे ना फिऊसिन’, म्हणजे ‘त्यांनी खावे आणि जावे’. दोन्ही पाठ आठ अक्षरांत बसतात, त्यामुळे छंद निवाडा करू शकत नाही. पहिल्या पाठात बाई छताकडे पाहून भुतांशी थेट बोलते. दुसऱ्यात ती त्यांच्याविषयी बोलते, त्यांना हाक न मारता. म्हणून पुढच्या घरी विचारायचा प्रश्न येथेच तयार होतो: गोळा फेकताना तुमची स्तेते वर पाहत असे, की पाठ फिरवत असे?